आईचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे, सगळ्या डॉक्टरांचा ताळमेळ कोणी घालायचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आईचं (वय 68) उजव्या गुडघ्याचं रिप्लेसमेंट पुढच्या महिन्यात पुण्यात करायचं ठरलंय. सर्जनवर आमचा विश्वास आहे, आईच्याही मनाची तयारी आहे. अडलंय ते दुसरीकडेच. तिला डायबेटीस आहे आणि दोन वर्षांपूर्वी स्टेंट टाकलाय, रक्त पातळ ठेवणारी क्लोपिडोग्रेल चालू आहे. ती गोळी कधी थांबवायची विचारलं तर सर्जन म्हणाले कार्डिओलॉजिस्टना विचारा, तिकडे गेलो तर म्हणाले सर्जनची चिठ्ठी आणा, आणि शुगरचे डॉक्टर म्हणतात एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) 8.4 आहे आधी ते खाली आणू. प्रत्येकजण आपापल्या जागी बरोबर असेल, पण एकमेकांशी कोणी बोलतच नाहीये आणि मधल्यामधे निरोप पोचवायला आम्ही.

नंतरचं तर अजून अवघड. डिस्चार्जनंतर ती कराडला घरी जाणार, तिथे बाबा (74) आणि ती दोघंच, मी फार तर दोन आठवडे रजा काढू शकते. फिजिओ घरी येणारा बघायचा की सुरुवातीला पुण्यातच ठेवायचं? जखमेचं काही वाटलं तर फोन नक्की कोणाला? ज्यांनी घरच्यांचं केलंय त्यांनी प्लीज सांगा, तारीख पुढे ढकलायची माझी तयारी आहे.

प्रतिसाद 1:
ताई, तारीख पुढे गेली तरी चालेल, हे ऑपरेशन इमर्जन्सी नाहीये. बरेच सर्जन एचबीएवनसी साडेसात-आठच्या खाली आल्याशिवाय हात लावत नाहीत, कारण शुगर जास्त असली की इन्फेक्शनचा धोका वाढतो. भूलतज्ज्ञांची तपासणी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नको, दोन-तीन आठवडे आधीच मागून घ्या. पाठीत भूल द्यायची तर क्लोपिडोग्रेल सहसा 5 ते 7 दिवस आधी थांबवतात, त्यामुळे हा प्रश्न त्यांचाही आहे. पण कार्डिओलॉजिस्टनी लेखी दिल्याशिवाय स्वतःहून अजिबात बंद करू नका. शुगरच्या गोळ्यांत डापाग्लिफ्लोझिन असेल तर तेही सांगा, ती साधारण 3 दिवस आधी थांबवतात.

मांडीचे व्यायाम आणि वॉकर आत्ताच शिकवून घ्या, कमोड नसेल तर कमोड खुर्ची आणून ठेवा.

प्रतिसाद 2:
फिजिओचं म्हणाल तर पुण्यातल्या फिजिओकडून व्यायाम लेखी घेऊन कराडच्या फिजिओला द्या, पहिल्या काही आठवड्यांत गुडघा वाकला आणि पूर्ण सरळ झाला पाहिजे. गुडघ्याखाली उशी ठेवू देऊ नका, बरं वाटतं पण पाय वाकडा राहतो. जखमेतून पाणी आलं तर गावातल्या डॉक्टरकडून अँटिबायोटिक सुरू करण्याआधी सर्जनला फोन. पोटरी सुजून दुखली तर त्याच दिवशी दाखवा, आणि दम लागला किंवा छातीत दुखलं तर फोन करत बसू नका, थेट कॅज्युअल्टी.

धागाकर्ती:
दोघांचे खूप आभार. भूलतज्ज्ञांची अपॉइंटमेंट उद्याच मागते. कराडमध्ये घरी येणारे चांगले फिजिओ कोणाला माहीत असतील तर व्यनि करा.