रिप्लेत अपघात कसा वाचता? गोव्यातल्या एफ-वन (फॉर्म्युला वन मोटार शर्यती) वेड्यांचा अनुभव धागा

पर्वरीकर (धागाकर्ता): रविवारी संध्याकाळी टीव्हीसमोर 'चूक कोणाची' यावरून शिमगा होतो, म्हणून हा धागा. आपला ड्रायव्हर कोण ते बाजूला ठेवा. रिप्लेत नेमकं काय बघता, कुठे फसता, तेवढंच लिहा. सुरुवात सिल्व्हरस्टोन २०२१ (ब्रिटनमधली शर्यत) मधल्या हॅमिल्टन-व्हर्स्टॅपन धडकेपासून करूया.

म्हापशाचो: सगळे ५१ जीच्या (गुरुत्वाकर्षणाच्या ५१ पट) धडकेकडे बघतात. स्टुअर्ड्स (शर्यतीचे पंच) धडक किती जोराची ते मोजत नाहीत, ती का झाली ते बघतात. धडक झाली ते कॉप्स हे उजवं वळण. हॅमिल्टन आतल्या बाजूला होता, पण अपेक्सपासून (वळणाचा सर्वात आतला बिंदू) लांब राहिला आणि त्याचं पुढचं डावं चाक व्हर्स्टॅपनच्या मागच्या उजव्या चाकाला लागलं. शिक्षा १० सेकंद. त्याच शर्यतीत ५०व्या लॅपला त्याच वळणावर हॅमिल्टनसमोर लेक्लेअर होता. या वेळी हॅमिल्टन अपेक्सच्या बराच जवळ राहिला, स्पर्श झाला नाही. दोन्ही रिप्ले लागोपाठ लावा, कॉमेंट्री बंद करून.

फ्रेम थांबवायची ती अपेक्सवर, ब्रेकिंगला नव्हे. २०२५ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आतून ओव्हरटेक करणाऱ्याचा पुढचा अ‍ॅक्सल (चाकांचा आस) निदान समोरच्याच्या आरशाच्या रेषेत हवा, अपेक्सआधी आणि अपेक्सवरही. वळणाच्या बाहेरच्या बाजूने ओव्हरटेक करणाऱ्याचा पुढचा अ‍ॅक्सल अपेक्सवर समोरच्याच्या पुढच्या अ‍ॅक्सलच्याही पुढे हवा. हेलिकॉप्टरच्या तिरक्या शॉटवरून हे ठरवू नका, ऑनबोर्ड (गाडीवरच्या कॅमेऱ्याचं चित्रण) बघा.

मडगावकार: पात्रांव, इथेच तर गोम आहे. आतला ड्रायव्हर मुद्दाम उशिरा ब्रेक मारतो, अपेक्स आधी गाठतो आणि मग दोघेही ट्रॅकबाहेर. ऑस्टिन २०२४, वळण १२: व्हर्स्टॅपन स्वतः बाहेर गेला, तरी ५ सेकंदांची शिक्षा त्याला बाहेरून ओव्हरटेक करणाऱ्या नॉरिसला, कारण तो अपेक्सवर बरोबरीत नव्हता आणि ट्रॅकबाहेरून जाऊन पुढे निघाला. नियमाला धरून, पण माझ्या मते अर्धवट. आतल्याला वळण ट्रॅकच्या आत राहून पूर्ण करता आलं का, हे आधी बघायला हवं.

वास्कोकार: ५ सेकंदांची शिक्षा पिटमध्ये (टायर बदलायला थांबतात ती जागा) भोगायची तर तेवढा वेळ गाडीला कोणी हात लावायचा नाही. पुढे पिट स्टॉप नसेल तर शेवटच्या वेळेत मिळवतात. कॅनडा २०१९ मध्ये फेटेल रेषेवर पहिला आला आणि निकालात दुसरा, तो असाच.

डिचोलीकार: ट्रॅक लिमिट्सचा (ट्रॅकच्या हद्दीचा) वाद सोपा आहे. पांढरी रेषा म्हणजे हद्द, कर्ब (कडेची रंगीत उंच पट्टी) धरत नाहीत. एका चाकाचा काठ रेषेला टेकला तरी गाडी आत. शर्यतीत तिसऱ्यांदा चुकलं की काळा-पांढरा झेंडा (ताकीद), चौथ्यांदा ५ सेकंदांची शिक्षा. ऑस्ट्रिया २०२३ ला १२०० च्या वर प्रकरणं तपासावी लागली. २०२४ ला वळण ९ आणि १० च्या बाहेर खडीची पट्टी टाकली आणि तक्रारी घटल्या. खडी कोणाशी वाद घालत नाही.

फोंडेकार: पावसात 'पकड आहे, मग लाल झेंडा (शर्यत थांबवणं) का?' असं विचारणाऱ्यांनी जुलैत कदंब बसच्या मागे स्कूटर चालवून बघावी. टायर पुरवणाऱ्या पिरेलीचा फुल वेट (जोरदार पावसाचा) टायर ताशी ३०० किमीला सेकंदाला ८५ लिटर पाणी फेकतो, इंटरमीडिएट (कमी ओल्या ट्रॅकचा) ३० लिटर. ते पाणी मागच्याच्या व्हायझरवर (हेल्मेटच्या काचेवर). अडचण पकडीपेक्षा दिसण्याची. स्पा (बेल्जियम) २०२१ ला पावसामुळे सेफ्टी कारमागे (सगळ्यांना हळू चालवायला लावणारी पुढची गाडी) मोजक्या लॅप झाल्या आणि अर्धे गुण वाटले. त्यानंतर नियम बदलला: गुण हवेत तर सेफ्टी कारशिवाय किमान दोन लॅप हव्यात.

पर्वरीकर: मडगावकार, ऑस्टिनचा ऑनबोर्ड परत लावतो. अपेक्सवर थांबवून बोलूया.