कोरोकोरो आणि गोरोगोरो

जपानी भाषेत आवाजांची नक्कल करणारे शब्द असतात ना, म्हणजे पाऊस जोरात कोसळला की झाझा आणि हळू पडत राहिला की शितोशितो, त्यांबद्दल थोडं सांगतो. मला या शब्दांत सगळ्यात आवडते ती व्यंजनाची गंमत. गोटी किंवा छोटा खडा घरंगळला तर कोरोकोरो, पण तेच मोठा धोंडा गडगडत आला की गोरोगोरो, म्हणजे क चा ग केला की वस्तू एकदम जड होते. तसंच दारावर हलकी टकटक तोन्तोन् आणि कोणी धडाधडा बडवलं तर दोन्दोन्. आणि हे गोरोगोरो पण एका कामावर थांबत नाही, ढगांचा गडगडाट तेच, मांजराची घुरघुर तेच, आणि सुट्टीत घरी नुसतं लोळत पडलं तरी तेच!

डॉक्टरकडे गेल्यावर तर हे शब्द लागतातच. ठसठसतंय म्हणजे झुकीझुकी, टोचतंय तर चिकुचिकु, डोक्यात घण घातल्यासारखं होत असेल तर गान्गान्. आपणही ठसठस, चुरचुर, ठणका असंच सांगतो की, त्यामुळे मराठी माणसाला हे पटकन जवळचं वाटतं, हिशोब तोच आहे.

आणि ज्याला आवाजच नाही त्यालाही शब्द आहे, शीन् म्हणजे एकदम चिडीचूप. मांगामधे, म्हणजे जपानी कॉमिक्समधे, सगळे गप्प झाले की चौकटीत हा शब्द चक्क मोठ्या अक्षरात काढलेला असतो.