धुराने मेल्या की भुकेने? घोडबंदरच्या सातेरी पेटीबद्दल तुमचं मत सांगा

घोडबंदरची_मधुरा
आमच्या इमारतीमागे, कंपाउंडच्या भिंतीलगत दोन वर्षं सातेरी जातीच्या देशी मधमाश्यांची पेटी होती. बुधवारी संध्याकाळी डासांसाठी धूरफवारणी झाली. गुरुवारी सकाळी पेटीच्या दाराशी माश्यांचा खच पडलेला. काही उताण्या पडून जागच्या जागी गरगर फिरत होत्या, सोंड बाहेर आलेली. कमिटीचं म्हणणं, "पावसात माश्या मरतातच." मला ते अजिबात पटत नाही. धुरानेच मेल्या, आणि तसं लेखी पत्र मी देणार आहे.

येऊरचा_मधपाळ
ताई, वाईट वाटलं. पण इतक्या घाईने धुरावर ठपका ठेवू नका. संध्याकाळी कामकरी माश्या पेटीत परतलेल्या असतात, त्यामुळे फुलांवर असताना धूर लागला असं म्हणता येत नाही. त्यात गेले आठ-दहा दिवस पाऊस झोडपतोय. माशीला बाहेर पडता आलं नाही, तर साठवलेला मध संपतो, आणि सातेरीकडे साठा मुळातच कमी. साखरेचा पाक ठेवत होतात का?
पेटी उघडा. उपाशी मेलेली माशी पोळ्याच्या घरात डोकं खुपसून मरते, बाहेर फक्त मागचा भाग दिसतो. माझी एक वसाहत अशीच गेली. ते एकदा पाहिलं की विसरता येत नाही.

कळवेकर
मोबाइल टॉवरबद्दल कुणीच कसं बोलत नाही? अमेरिकेत त्यामुळेच माश्या संपल्या.

येऊरचा_मधपाळ
टॉवरमुळे वसाहती मेल्याचा पक्का पुरावा नाही. अमेरिकेत २००६ च्या सुमारास जे गाजलं त्यात पेटीत राणी, पिलावा (अंडी-अळ्या-कोष), मध सगळं जागेवर होतं आणि कामकरी माश्याच नाहीशा झाल्या होत्या. इथे दाराशी ढीग पडलाय. हे प्रकरण वेगळं आहे.

वाशीची_सूक्ष्मजीववाली
रोगाचं नाव अजून कुणी घेतलेलं नाही. १९९१-९२ मध्ये थाई सॅकब्रूड विषाणूने दक्षिणेतल्या सातेरीच्या बहुतेक वसाहती संपवल्या. त्यात अळी कोषात जायच्या आधीच मरते, आणि चिमट्याने उचलली तर पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी लोंबते. पण तो रोग पिलाव्याचा, मोठ्या माश्यांचा एका रात्रीत खच पाडणारा नव्हे. म्हणून मधुराताईंची शंका मला अगदीच फेटाळावीशी वाटत नाही. उताण्या पडून फिरणं आणि सोंड बाहेर येणं ही मज्जासंस्थेवर चालणाऱ्या विषाची खूण असते, आणि डासांच्या धुरात बहुधा त्याच जातीचं औषध असतं. दार धुराच्या वाऱ्यावर असेल तर आत बसलेली माशीही सुटत नाही.

घोडबंदरची_मधुरा
आत्ताच उघडून पाहिली. चार चौकटींपैकी दोन चौकटींत मध नाहीच. एका कोपऱ्यात तळहाताएवढ्या भागात माश्या डोकं आत घालून मेलेल्या. मधपाळकाका, तुम्ही म्हणालात तशाच. पाक दिला नव्हता, ती चूक माझी. पण तळाच्या फळीवरच्या बाकी सगळ्यांच्या सोंडा बाहेर आहेत. पिलावा मात्र पांढरा, टणक. पिशवीसारखी एकही अळी नाही.

येऊरचा_मधपाळ
म्हणजे भुकेने आधीच खंगलेली वसाहत, आणि त्यावर धूर. तरी पत्रात "मारल्या" लिहू नका, सिद्ध करता येणार नाही. "फवारणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मेलेल्या आढळल्या" इतकंच लिहा.

घोडबंदरची_मधुरा
हे नाही पटत. भुकेल्या वसाहतीला पाक मिळाला असता तर ती उभी राहिली असती, धुराने ती संधीच ठेवली नाही. पण "मारल्या" हा शब्द काढते. औषधाचं नाव, फवारणीची वेळ आणि यापुढे आदल्या दिवशी कळवणं, हे तीन मुद्दे राहतील.

वाशीची_सूक्ष्मजीववाली
मेलेल्या माश्या उन्हात ठेवू नका, विष लवकर विरतं. कोरड्या डब्यात घालून फ्रीझरमध्ये टाका, वर तारीख लिहा.

घोडबंदरची_मधुरा
टाकल्या. मटाराच्या पिशवीशेजारी, गुरुवारची तारीख घालून.