३०८ विंचेस्टरसाठी डाय निवडताना
या काडतुसाची झाडलेली पुंगळी, म्हणजे पितळी कवच, पुन्हा भरण्याआधी डाय नावाच्या साच्यात दाबून मापात आणतात. बोल्ट-ॲक्शन (हाताने बोल्ट मागेपुढे करून भरायच्या) रायफलला पुंगळीची फक्त मान (गोळी धरणारा तोंडाचा भाग) आवळणारी डाय पुरते, या मताशी मी सहमत नाही. फक्त मान आवळलेली पुंगळी काही वेळा झाडली गेली की तिचा खांदा (मानेखालचा उतार) चेंबरमध्ये (नळीतील काडतुसाच्या जागेत) घट्ट बसू लागतो, बोल्ट जड होतो आणि नेमबाजाची स्थिरावलेली पोझिशन दर गोळीला हलते. त्यापेक्षा बुशिंग (मान आवळणारी कडी) बदलता येणारी, पूर्ण लांबीची (सबंध पुंगळी मापात आणणारी) डाय घ्यावी, खांदा जेमतेम ०.००२ इंच मागे ढकलावा आणि भरलेल्या काडतुसाच्या मानेचा व्यास मायक्रोमीटरने मोजून त्याहून तितकेच लहान बुशिंग निवडावे. मानेची जाडी एका बाजूला कमी आणि दुसऱ्या बाजूला जास्त असेल, तर महागडी डायही ते झाकू शकत नाही. म्हणून पैसे आधी लापुआ कंपनीच्या असतात तशा एकसारख्या पुंगळ्यांवर खर्च करावेत, असे मी आग्रहाने सांगेन. सिएरा कंपनीची १६८ ग्रेन (गोळीच्या वजनाचे एकक) वजनाची मॅचकिंग गोळी ३०० मीटरवर उत्तम चालते, पण १००० यार्डांपर्यंत पोहोचताना तिचा वेग ध्वनीच्या वेगाच्या आसपास उतरतो आणि ती डळमळते, त्यामुळे तिथे १७५ ग्रेनचीच घ्यावी. प्रायमर (पावडर पेटवणारी टोपी) किंवा पुंगळी बदलल्यास पावडर पुन्हा उत्पादकाच्या तक्त्यातील किमान मापापासूनच वाढवत न्यावी.