गच्चीवर हॉट टब ठेवायचा विचार आहे (इंदूर), कोणी वापरतंय का?

राजेंद्रनगरचा रहिवासी
नमस्कार मंडळी. घर इंदूरला, दोन मजली, वर मोकळी गच्ची. या थंडीत हॉट टब घ्यायचं डोक्यात आहे, तो हवा भरायचा येतो ना चार जणांचा, ८०० लिटरवाला, बुडबुडे येतात तो. एक कारण आईचे गुडघे, डिसेंबर लागला की जिना चढताना कठडा सोडत नाही आणि रात्री गरम पाण्याची पिशवी घेऊन बसते. आणि खरं सांगायचं तर मला स्वतःलाच हवाय, मालव्यातली थंडीची रात्र, वर गच्ची, गरम पाणी, अजून काय पाहिजे भिया. बायको म्हणते आधी बाथरूममधला टब रिकामा कर ज्यात तुझी जीन्स परवापासून भिजतेय. तर विचारायचं असं की वीज किती खातो, पाण्याचं काय करता (नर्मदेचं पाणी आमच्याकडे एक दिवसाआड, बाकी सगळं बोरिंगचं) आणि गच्चीवर चालेल ना? दुकानदार म्हणतो सर हवेचा टब आहे, त्याला काय वजन असणार.

स्लॅबवाला
दुकानदार रिकाम्या टबाचं सांगतोय. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो, ८०० लिटरचे ८०० किलो, वर चार माणसं बसली की अजून २८०, झालं ना १ टनाच्या पुढे, आणि हे सगळं जेमतेम ३ चौरस मीटर जागेवर. म्हणजे चौरस मीटरला साडेतीनशे किलोच्या वर. आयएस ८७५ (इमारतीवर किती भार धरायचा त्याचं भारतीय मानक) प्रमाणे लोकांची ये-जा असलेल्या गच्चीला १५० किलो धरतात, राहत्या खोलीला २००. आता कोणीतरी म्हणेल की आमच्या वर १००० लिटरची काळी टाकी वर्षानुवर्षं आहेच की. अहो ती टाकी बहुतेक घरात जिन्याच्या वरच्या ओट्यावर असते, खाली बीम-कॉलम असतात, ती मोकळ्या स्लॅबच्या मधोमध कोणी ठेवत नाही. टब ठेवला की लगेच कोसळेल असं म्हणत नाहीये पण घराचं ड्रॉइंग एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय ठेवू नका, आणि वॉटरप्रूफिंग जुनं असेल तर खालच्या खोलीचं छत आधी बघा.
बाकी जिला जिना चढवत नाही त्या आईसाठी टब दोन जिने वर, हे काही मला झेपलं नाही.

राजेंद्रनगरचा रहिवासी
हाहा, हेच बायको पण म्हणाली, फक्त जरा जास्त जोरात. खाली मागच्या अंगणात जागा आहे, फरशी पण आहे, पण मग शेजारच्यांच्या गॅलरीतून सगळं दिसतं ना यार.

सुदामानगरवाली ताई
दादा अंगणातच ठेवा, बांबूची चटई लावा आडोशाला, झालं काम. आमच्याकडे अंगणातच आहे. माझं ऐकाल तर टब कुठला घ्यायचा हा प्रश्न नंतरचा, पाणी हा पहिला. बोरिंगच्या पाण्याने भरला तर हीटरवर पांढरा थर बसतो, गीझरमध्ये बसतो तोच, आणि आपल्याकडचं बोरिंग किती जड आहे ते बादलीकडे बघूनच कळतं. म्हणून नर्मदेचं पाणी हौदात साठवून त्यानेच भरा, दोन पाळ्यांत भरला तरी चालतो, घाई कसली. आणि रोज पाणी बदलायचं नसतं, ते फिल्टर आणि क्लोरीनवर तीनेक महिने चालतं, म्हणजे एका थंडीला एकदाच भरणं.
क्लोरीन ३ ते ५ पीपीएम (म्हणजे लिटरला तितके मिलिग्रॅम) आणि पीएच, म्हणजे पाण्याचा आंबट-खारेपणा, ७.२ ते ७.८ च्या मध्ये ठेवायचा, टेस्ट स्ट्रिप ऑनलाइन मिळतात, पाण्यात बुडवायची आणि डबीवरच्या रंगाशी जुळवायची. गरम पाण्यात क्लोरीन लवकर उडतं त्यामुळे वापराच्या दिवशी तर बघायचंच, नाहीतर अंगावर पुरळ येतं. हॉट टबसाठी दाणेदार डायक्लोर (क्लोरीनचाच एक प्रकार) मिळतं ते घ्या. घरात पडलेली ब्लीचिंग पावडर ढकलू नका, त्यात कॅल्शियम असतं, आधीच जड पाणी त्यात अजून भर. स्विमिंग पूलच्या त्या मोठ्या गोळ्या पण नकोत, त्या टबात पडून राहिल्या की प्लास्टिक खराब होतं.
अजून एक, हे कुठल्याच मॅन्युअलमध्ये सापडणार नाही. दिवाळीत अभ्यंग झाल्या झाल्या तेल-उटणं लावलेलं अंग घेऊन कोणालाही आत जाऊ देऊ नका!! पाण्यावर तवंग येतो, फिल्टर बसतो, क्लोरीन सगळं त्यातच संपतं. पाहुणे असले तरी स्पष्ट सांगायचं, आधी साबणाने आंघोळ, नीट धुवून मग टब. सासूबाईंच्या माहेरची मंडळी आली की हे सांगायचं काम मी नवऱ्याला देते.

युनिट मोजणारा
विजेचा हिशोब सोपा आहे. १००० लिटर पाणी १ डिग्री तापवायला साधारण १.१६ युनिट. तुमचे ८०० लिटर २० वरून ३८ डिग्रीला न्यायचे तर १७ युनिटच्या आसपास, ७-८ रुपये युनिट धरला तर सव्वाशे-दीडशे रुपये. २ किलोवॉटचा हीटर असेल तर साडेआठ तास आणि वर जी उष्णता उडते ते वेगळं, म्हणजे रात्री बसायचं असेल तर सकाळीच चालू करा, आठला आठवलं आणि नऊला बसलो असं होत नाही. पैसे खरे जातात ते गरम ठेवण्यात. उघड्या पाण्यातून सगळ्यात जास्त उष्णता वाफेबरोबर जाते, त्यामुळे झाकण घट्ट बसणारं पाहिजे आणि खाली फोमची मॅट. बुडबुडे पण जपून, ती बाहेरची गार हवाच आत सोडतात, पाणी गार होतं. घरी सोलर असेल तर भरताना त्याचं पाणी मिसळा, पण आधी गार पाणी सोडायचं, ६० डिग्रीचं पाणी थेट प्लास्टिकवर नको.
आणि कृपया एक्स्टेंशन बोर्ड ओढत अंगणात नेऊ नका. १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट, चांगली अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच). ओल्या अंगाने प्लगला हात लावायचा नाही हे पोरांना पण सांगा.

काकू, लोकमान्य नगर
आईंना बीपीची गोळी चालू आहे का? गरम पाण्यात रक्तवाहिन्या मोकळ्या होतात, बीपी उतरतं, आणि एकदम उठलं की चक्कर येते. त्यांच्यासाठी ३७-३८ पुरे, ४० च्या वर तर कोणीच नाही, आणि १५ मिनिटं झाली की बाहेर. शुगर असेल आणि पायाला कमी जाणवत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. कडक गुडघे कोमट पाण्यात मोकळे होतात हे खरं आहे, पण त्या टबाची भिंत मांडीपर्यंत उंच असते हो, ओलांडून आत जायचं कसं? बाहेर पक्की पायरी, भिंतीला धरायला दांडा, आणि कोणीतरी सोबत.

राजेंद्रनगरचा रहिवासी
बीपीची गोळी आहे काकू, शुगर नाही. डॉक्टरांना विचारतो. गच्ची कॅन्सल, अंगण फायनल, इलेक्ट्रिशियनला रविवारी बोलावलंय. आई म्हणते त्यात बसायचं म्हणजे कपडे कुठले घालायचे ते आधी सांग, साडी नेसून बसले तर चालेल का?

सुदामानगरवाली ताई
साडी नको, पायात अडकते, पाणी पण ओढते. जुना सुती गाऊन चालेल, पण निरम्याचा फेस राहिला नाही ना ते बघून, नाहीतर बुडबुडे सुरू केले की टबभर फेस. आमच्याकडे सासूबाई गाऊनमध्येच बसतात, वर शाल पण असते खांद्यावर.