मदत हवी आहे : रुग्णालयाशी संबंध नसलेली, स्वतंत्रपणे तक्रार ऐकणारी यंत्रणा कोणती? (सोलापूर)

होटगीरोडकर : माझा धाकटा भाऊ सोलापुरातील एका खासगी रुग्णालयात दाखल आहे. त्याला घरी यायचे आहे, परंतु त्याला सोडत नाहीत, त्याचा मोबाइल जमा करून घेतला आहे आणि केसपेपरची प्रत मागितली की ‘मोठे डॉक्टर आल्यावर बघू’ एवढेच उत्तर मिळते. तेथील तक्रारपेटीची किल्लीही त्यांच्याकडेच असल्याने बाहेरचा अधिकारी किंवा आयोग कोणता, एवढेच कृपया सांगावे. धीर धरण्याचा सल्ला नको.

बार्शीचा भाचा : थेट जिल्हा ग्राहक आयोगात जावे. शुल्क घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केले आहे. आमच्या मामांच्या बिलाचा वाद तिथेच मिटला.

सात रस्ता : ग्राहक आयोग उद्या भरपाई देईल, पण आज वॉर्डाचे दार उघडून देणार नाही. होटगीरोडकर, भाऊ कोणत्या विभागात आहे, वय किती, दाखल करताना सही कोणी केली आणि किती दिवस झाले, हे कळल्याशिवाय नेमके सांगता येणार नाही.

होटगीरोडकर : मानसोपचार विभागात आहे. वय २६. सही वडिलांनी केली. महिना उलटून गेला आहे. आजाराची चर्चा नको, दाद कुठे मागायची ते सांगा.

अक्कलकोट नाका : राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत मानसिक आजार आहे, आणि साक्षीदार किंवा कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आयुक्तांना आहेत. भावाचे दिव्यांग प्रमाणपत्र काढले नसेल तर तेही काढून घ्यावे, एसटीची सवलत मिळते.

सात रस्ता : प्रमाणपत्राचा प्रश्न येथे कोणी विचारलेला नाही. शिवाय आयुक्त शिफारस करतात, आणि त्यावर काय केले हे कळवायला संबंधितांना तीन महिने मिळतात. येथे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा लागू होतो आणि त्यातील मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ हीच तुम्ही शोधत असलेली यंत्रणा आहे. रुग्णाच्या संमतीशिवाय, नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (उपचारांच्या निर्णयात रुग्णाच्या वतीने बोलणारी, कायद्याने मान्य व्यक्ती) अर्जावर केलेला प्रवेश ३० दिवसांपुरता असतो. त्यापुढे ठेवायचे असेल तर रुग्णालयाने सात दिवसांत मंडळाला कळवावे लागते, आणि मंडळ २१ दिवसांत मान्यता देते किंवा सुटीचा आदेश देते. म्हणून पहिला लेखी प्रश्न हा विचारा, की भाऊ कोणत्या कलमाखाली आहे आणि मंडळाला कळवले आहे का.

बार्शीचा भाचा : मंडळही शासनानेच नेमलेले असते. त्याला स्वतंत्र कसे म्हणायचे?

सात रस्ता : शंका रास्त आहे. परंतु अध्यक्षपदी आजी किंवा माजी जिल्हा न्यायाधीश वा त्या पदास पात्र न्यायिक अधिकारी असतो, आणि दोन सदस्य स्वतः हा आजार अनुभवलेले, रुग्णाची काळजी घेणारे किंवा या क्षेत्रातील संस्थांचे असतात. रुग्णालयाचा व्यवस्थापक तेथे निर्णय देत नाही, आणि माझ्या दृष्टीने तेच सर्वांत महत्त्वाचे आहे.

होटगीरोडकर : अर्ज मी करू का? भावाकडे फोन नाही, कागदही नाही.

माजी परिचारिका : अर्ज रुग्ण स्वतः, त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी किंवा रुग्णाच्या संमतीने नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी करू शकतो. शुल्क नसते, आणि अपवादात्मक परिस्थितीत दाखल रुग्णाचा तोंडी किंवा दूरध्वनीवरील अर्जही मंडळ स्वीकारू शकते. फोन करण्याचा आणि भेट नाकारण्याचा किंवा घेण्याचा हक्क कायद्याने रुग्णालाच दिला आहे. केसपेपरबाबत मात्र मला रुग्णालयाला लगेच दोष द्यावासा वाटत नाही, कारण त्या नोंदी गोपनीय असतात. प्रत भावाने मागितली पाहिजे. भेटीत त्यालाच विचारा, ‘तुला घरी यायचे आहे का, की फक्त येथून बाहेर पडायचे आहे?’ आमच्या वॉर्डात या दोन्हींची उत्तरे अनेकदा वेगळी निघत.

होटगीरोडकर : वडील सही मागे घ्यायला तयार नाहीत. त्यांना भीती वाटते.

सात रस्ता : म्हणजे प्रतिनिधी वडील आहेत, तुम्ही नाही, आणि हे सर्वांत आधी कळायला हवे होते. भावाने स्वतः अर्ज करावा, आणि प्रतिनिधी बदलायचा असल्यास तेही त्यात लिहावे. जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणात जाऊन मोफत वकील मागा. मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला तो हक्क आहे, आणि मंडळाचे कार्यालय कुठे आहे हेही तिथेच कळेल.

होटगीरोडकर : सोमवारी जातो. वडिलांनाही सोबत नेतो.