मदत हवी आहे: बाळासह बडोद्यात घर, कारेलीबाग, मांजलपूर की भायली?

नमस्कार मंडळी. जूनमध्ये सात महिन्यांच्या बाळाला घेऊन बडोद्याला येतोय, दोन बेडरूमचा फ्लॅट भाड्याने हवा आहे.

सगळ्यात मोठी काळजी विश्वामित्री नदीच्या पुराची. 2019 आणि ऑगस्ट 2024 मध्ये या तीन भागांतल्या कुठल्या गल्ल्यांत पाणी शिरलं होतं? घर चौथ्या मजल्यावर असलं तरी वीजमीटर आणि पंप तळघरात असले की पुरात वीज जाते, टाकीत पाणी चढत नाही, लिफ्ट थांबते. म्हणून मीटरपेटी जमिनीपासून किती उंचीवर आहे, हे कृपया बघून सांगा.

वरचा मजला नकोच, उन्हाळ्यात स्लॅब रात्रीपर्यंत तापलेला राहतो. पश्चिमेची बेडरूमही नको. बाल्कनीच्या गजांमधलं अंतर 10 सेंटिमीटरपेक्षा कमी हवं, बाळ आता रांगायला लागेल.

पाणी बोअरचं की महापालिकेचं? बोअरचं असेल तर टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) किती येतो? 500 च्या वर असेल तर आरओ लावावाच लागेल. पाइपचा गॅस आहे का?

दांडिया बाजारची मराठी वस्ती मनात आहे, पण तिथे लिफ्ट असलेल्या इमारती मिळतात का? आणि रात्री बाळाला दाखवायला जवळ कोण?